एका कंपनीच्या भरवशावर कॉर्कला यावं का?

मुलुंडला राहून महाप्याला क्यूसीत (औषधांची गुणवत्ता तपासण्याच्या विभागात) नोकरी, हातात आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बड्या औषध कंपनीची ऑफर, आणि तुमचा प्रश्न: तिनं उद्या गाशा गुंडाळला तर?

या, पण ऑफर देणाऱ्या कंपनीपेक्षा भोवतालचा पट्टा बघून या. फायझर ही औषध कंपनी 1969 साली कॉर्कजवळच्या रिंगास्किडीला आली ती सायट्रिक ॲसिड बनवायला. निर्यातीच्या नफ्यावर तेव्हा कर नव्हता. एवढा प्लांट चालवायचा तर स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइनी वेल्ड करणारा, बॅलन्स नि प्रेशर गेज कॅलिब्रेट करणारा, वापरलेलं सॉल्व्हंट उचलणारा हाकेच्या अंतरावर लागतो. ही मंडळी एकाच गेटवर थोडीच थांबतात! पुढच्या कंपनीला ती आयती मिळाली, शिवाय ऑडिटला सरावलेले सुपरवायझरही. ठाणे-बेलापूर रोडला कंपनी गेली की बऱ्याचदा त्या जागी आयटी पार्क उभा राहतो. इथं जीएसके या औषध कंपनीचा प्लांट 2019 मध्ये थर्मो फिशर या दुसऱ्या कंपनीनं घेतला. गेटवरची पाटी बदलली, रिॲक्टर तिथंच राहिले. डब्लिनला 2011 पासून नायबर्ट ही संस्था आहे. तिथला प्लांट औषध विकायला नाही, बायोफार्माची, म्हणजे जिवंत पेशींपासून औषधं बनवण्याच्या उद्योगाची, माणसं तयार करायला चालवतात.

धोका आहे तो वेगळाच. गोळ्यांच्या एपीआयची (औषधातल्या मूळ रसायनाची) एकाच प्रॉडक्टसाठी उभी असलेली लाइन पेटंट संपल्यावर थंडावते. म्हणून बायोलॉजिक्सकडे, म्हणजे पेशींपासून बनणाऱ्या औषधांकडे सरका. तुमचा एचपीएलसीचा (औषधातले घटक वेगळे करून मोजण्याच्या यंत्राचा) हात चालेल, पण सीव्हीत एलायझा (प्रथिनं मोजणारी चाचणी), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), बायोबर्डन (नमुन्यातले जिवाणू-बुरशी) या चाचण्यांतलं प्रत्यक्ष केलेलं काम वर आणा. डेटा इंटिग्रिटी (नोंदींचा खरेपणा), ओओएस तपास (मर्यादेबाहेर आलेल्या निकालांचा), कापा (चूक दुरुस्त करून पुन्हा होऊ न देणं) ही कामंही. 'टेस्टिंग केलं' एवढ्यावर कुणी बोलावत नाही.

वर्क परमिटमध्ये लोक फसतात ते इथं: क्रिटिकल स्किल्स परमिटला (टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीच्या परमिटला) निदान दोन वर्षांची ऑफर, तीही थेट कंपनीकडून लागते. रिक्रूटमेंट एजन्सीच्या नावाची चालत नाही. व्हॅलिडेशनची (यंत्रं-प्रक्रिया नीट चालतात हे सिद्ध करण्याच्या कामाची) सहा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं पैशाला बरी दिसतात, पण सुरुवातीला तुमच्या उपयोगाची नाहीत. ऑफरच्या पत्रातलं पदनाम आणि कामाचं वर्णन या परमिटच्या सरकारी यादीशी ताडून बघा. फरक असेल तर एचआरकडून अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. नोकरी सुरू झाल्यापासून 21 महिन्यांनी स्टॅम्प 4 साठी, म्हणजे परमिटशिवाय नोकरी करू देणाऱ्या राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. तो मिळाला की कंपनी बदलायला नवं परमिट लागत नाही, आणि भोवतालच्या दाट पट्ट्याचा फायदा तेव्हा पुरता हाती येतो. नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर त्यांनाही वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते.

घर शक्यतो कॅरिगलाइनकडे बघा, रिंगास्किडी तिथून जवळ. शिफ्टच्या वेळांना बसवर विसंबू नका. गाडी लागेलच, आणि भारतीय लायसन्स इथं बदलून मिळत नाही. थिअरी टेस्टपासून सुरुवात करावी लागते, तेव्हा आल्या आल्या ती तारीख घेऊन टाका.