शनिवारची पार्ट लिस्ट आणि पुण्याचा कोर्स

खानापूर तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. मेकॅनिकल डिप्लोमा करून ती दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात ऑटोकॅड या संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग काढते. दर शनिवारी तिला आठवड्याच्या चाळीसेक ड्रॉइंगमधले पार्ट नंबर, मटेरियल आणि नग बघून बघून एक्सेलमध्ये भरावे लागतात. "हीच कारकुनी करत राहू का? की नोकरी सोडून पुण्याला डेटा सायन्सचा कोर्स करू? इंग्रजी बेताचंच आहे," असं ती विचारते.

बाळ, एवढ्यात नोकरी सोडू नकोस. ज्या कामाचा तुला वीट आलाय, त्यावरच तुला फुकट शिकता येईल. पिस्टन रॉडला कोणतं सील लागतं हे तुला पाठ आहे. कोर्स करून आलेल्याला ते कुठून कळणार?

आधी ड्रॉइंगमधली माहिती नीट बसव. पार्ट लिस्ट नुसती टेक्स्ट म्हणून टाईप केली असेल, तर ऑटोकॅडच्या लेखी ती सुटी अक्षरं असतात. पार्ट नंबर कोणता आणि मटेरियल कोणतं हे त्याला कळत नाही. तीच माहिती ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकृतीत, ॲट्रिब्यूट म्हणजे नाव दिलेला रकाना म्हणून भरली, की प्रत्येक रकान्याला नाव मिळतं. खरी मेहनत इथेच आहे आणि ती कंटाळवाणी आहे, हे आधीच सांगते. सगळी ड्रॉइंग एकदम हातात घेऊ नकोस, एकाच प्रकारच्या सिलिंडरपासून सुरुवात कर.

मग तुमच्याकडे पूर्ण ऑटोकॅड असेल, तर 'डेटा एक्स्ट्रॅक्शन' ही कमांड वापर. ड्रॉइंगचा फोल्डर दाखवायचा, हवे ते ॲट्रिब्यूट निवडायचे, की यादी एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट) फाईलमध्ये उतरते. ही निवड डीएक्सई फाईलमध्ये सेव्ह होते, त्यामुळे पुढच्या शनिवारी पुन्हा सगळं निवडावं लागत नाही. इथवर कोडची एक ओळही लागत नाही.

त्यानंतर ऑटोलिस्प शिक, ही ऑटोकॅडमधली कामं आपोआप करून घ्यायची प्रोग्रामिंगची भाषा. १९८६ पासून ती ऑटोकॅडमध्ये आहे. तुमच्याकडे एलटी, म्हणजे ऑटोकॅडची कमी सोयींची स्वस्त आवृत्ती असेल तर व्हर्जन बघून घे, एलटीमध्ये लिस्प २०२४ च्या व्हर्जनपासूनच चालते. कारखान्यानं उद्या सॉलिडवर्क्स हे दुसरं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घेतलं तर तिथे मॅक्रो, म्हणजे आपण केलेल्या क्रियांची नोंद, रेकॉर्ड करता येतो, तो व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेत उघडून वाचायचा. घरी सरावाला फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घे. ते मोफत आहे आणि त्यात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा चालते. कारखान्याची ड्रॉइंग मात्र घरी आणू नकोस, सरावाला स्वतःची काढ.

एक धोका लक्षात ठेव. सीएसव्ही फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली, की ००४५ चा ४५ होतो आणि १२-०३ ची तारीख होते. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात अशाच पुसलेल्या शून्यांमुळे भलतेच सील येऊन पडले आणि तयार सिलिंडर आठवडाभर अडकले. म्हणून पार्ट नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणूनच आत घे. पहिला महिनाभर हातानं केलेली यादी आणि मशीनची यादी शेजारी ठेवून ताडून बघ.

इंग्रजीचं म्हणशील तर कमांडची नावं आणि एरर तेच तेच येतात, सरावानं अंगवळणी पडतात. त्यापेक्षा कन्नड सुधार. स्टोअरमधले अण्णा आणि मशीनवरचे कामगार यादीतली चूक तुला पहिल्यांदा सांगणार, आणि ती बहुतेक कन्नडमध्येच सांगतील.

आत्तापासून शनिवारचे तास वहीत लिहून ठेव. काम चार तासांवरून अर्ध्या तासावर आलं, तर गप्प बसू नकोस, वही घेऊन साहेबांकडे जा. पगाराचं तेव्हाच बोलता येईल. पुण्याला जायचंच असेल तर सहा महिन्यांनी जा, तोवर दाखवायला तुझं स्वतःचं काम झालेलं असेल.

येत्या शनिवारी एवढंच कर. एक ड्रॉइंग उघड, पार्ट लिस्टमधल्या कुठल्याही नंबरावर डबल क्लिक कर, आणि साधं टेक्स्ट उघडतं की ॲट्रिब्यूटची खिडकी, ते मला लिहून पाठव.