हायवे सहापदरी झाल्यावर निपाणीच्या स्टँडचं काय होईल?

तुम्ही विचारलंय, स्टँडची इमारत जागेवरच राहणार असेल तर मग भांडायचं कशासाठी? माझं मत स्पष्ट आहे. इमारत राहिली आणि हायवेवरून सरळ आत यायची वाट गेली, तर स्टँड गेल्यातच जमा. भांडायचं ते त्या वाटेसाठी.

निपाणी कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, पुणे-बेंगळुरू हायवेवर. इथं रेल्वे नाही. पुण्या-मुंबईची एसटी, बेळगाव-हुबळीची कर्नाटकाची गाडी, सगळं इथंच धरायचं. अक्कोळ, भोज, बेडकिहाळची माणसं खेड्यातल्या गाडीनं स्टँडवर येतात आणि पुढची गाडी पकडतात. त्यात शक्ती योजना आली. ११ जून २०२३ पासून आपल्या बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी गाडीत तिकीट नाही, पण ते राज्याच्या हद्दीतच. महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट, तेही तिकडच्या हद्दीपुरतं. कोल्हापूरहून चिक्कोडीला निघालेल्या बाईनं निपाणीत गाडी बदलली की पुढचे पैसे वाचतात. ही बदलाबदली फलाटावर झाली पाहिजे, हायवेच्या कडेला नाही.

ती कडेला कशी होते हे रात्रीच्या गाड्यांत बघितलंय. आत वळायला वेळ जातो म्हणून वाहक आधीच ओरडतो, "निपाणीवाले, हायवेलाच उतरा!" एक आजी दोन पिशव्या आणि झोपलेला नातू घेऊन अंधारात उतरल्या. दुभाजकापाशी उभ्या राहून ट्रक थांबायची वाट बघत होत्या. रिक्षा पलीकडच्या बाजूला. मला तेव्हा फार राग आला होता, अजून येतो.

म्हणून नकाशात एवढंच बघा. मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडला, म्हणजे हायवेला लागून जाणाऱ्या छोट्या रस्त्याला, उतरायची जागा स्टँडच्या अलीकडे आहे का, आणि परत चढायची पलीकडे? हे उलटं असलं तर गाडीला मोठा फेरा पडतो, आणि फेरा पडला की चालक आत येत नाही. बेळगावकडून येणाऱ्या गाडीला खालून पलीकडे यायचं असेल तर भुयारी मार्ग बस वळेल एवढा रुंद हवा. सर्व्हिस रोडवर गाड्या लावायला मुभा दिली तर सगळंच वाया.

नकाशासाठी माहिती अधिकारात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भूसंपादनाची अधिसूचना निघाली तर हरकतीला फक्त एकवीस दिवस मिळतात, आणि ती हरकत ज्याचा जमिनीत हक्क आहे त्यालाच घेता येते. म्हणजे कर्नाटकाचं परिवहन मंडळ आणि आसपासचे मिळकतदार. त्यांना आत्ताच गाठा. आपण प्रवाशांनी नगरपालिकेचा ठराव आणि खासदारांचं पत्र मिळवायचं. काँक्रीट पडल्यावर कुणी कट, म्हणजे आत वळायची वाट, देत नाही.

नकाशा हाती आला की इथं टाका. मी असले नकाशे कामावर रोज बघतो, कुठं अडेल ते सांगतो.