ठराव झाला, पुढे काय?

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते रागाच्या भरात गेलं असतं. राग तुझ्यावर नव्हता, तुला या पेचात टाकणाऱ्यांवर होता. पर्यावरणवाल्या गटात तू कातकरीवाडीचा विषय काढलास तर म्हणाले, "इथे जात आणू नकोस." दुसऱ्या गटात नदीबद्दल बोललीस तर म्हणाले, "झाडंबिडं ही पोट भरलेल्यांची कामं." आणि गणपतीत त्या फॉरवर्डवरून गावात ताण झाला तेव्हा दोन्हीकडचे शहाणे चिडीचूप. आता तू विचारतेस, काका, समता, हवामान की शांतता, नेमकं कशात काम करू? की सरळ मुंबईला जाऊन एखाद्या संस्थेत नोकरी धरू?

नोकरी हवी असेल तर धर, पोट सगळ्यांनाच आहे. पण "कशात काम करू" हे महाड तालुक्यातल्या पोरीने विचारावं याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे हे तिन्ही विषय वेगळे होते कधी?

दर २० मार्चला तू चवदार तळ्यावर जातेस. फोटो बघतो मी तुझे. पण तळ्याची गोष्ट आपण ओंजळीपाशी संपवतो, आणि मला भावतं ते तिच्या आधीचं आणि नंतरचं. १९२३ साली सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असतील. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला धरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद दोन, दोन्ही सहीशिक्क्याचे. तळ्यावर मात्र कोणाची जायची छाती नव्हती. मग १९२७ साली रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारख्यांनी परिषद जुळवून आणली आणि परिषदेत अनंतराव चित्र्यांनी विषय काढला तो हाच, की नगरपालिकेचा ठराव आहे, तर चला, आत्ताच तो अमलात आणू. बाबासाहेब पुढे आणि मागे लोक, असे ते निघाले.

नंतरचं ऐक. त्याच दिवशी "आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार" अशी आवई उठली आणि परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. एका आवईवर! फॉरवर्ड तेव्हाही होतेच. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तर मंडपाला कोणी जागा देईना, ती दिली फत्तेखान यांनी. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधरपंत सहस्रबुद्ध्यांनी. तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली म्हणून जाणं स्थगित केलं, पण दावा सोडला नाही. हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. बोल्यांच्या ठरावापासून जवळजवळ चौदा वर्षं.

यातला समतेचा भाग कुठला, पाण्याचा कुठला आणि शांततेचा कुठला, दाखव मला वाटणी करून.

मला सांगायचंय ते एवढंच, आणि या पत्रात तेच पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलीस तरी चालेल. पाठपुरावा. ठराव झाला की लोक टाळ्या वाजवून घरी जातात. आपण त्या वेळी घरी जायचं नाही.

२२ जुलै २०२१ तुला आठवतोय. त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडलं. सावित्री उगम पावते तिथे, आणि ते पाणी येतं आपल्याकडे. गांधारी भरली, बाजारपेठ बुडाली, तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या होत्या, त्याला सोळा वर्षं झालेली. सोळा वर्षांत तालुक्यात किती शोकसभा झाल्या असतील आणि किती मागण्या एकमताने मंजूर! दासगावजवळ रेल्वेचा भराव पाणी अडवतो, ही तर शाळकरी पोरांनाही पाठ असलेली तक्रार. पाठ होती, पण तिच्या पाठीमागे कोण होतं?

पाणी ओसरल्यावर मी एका वाडीवर गेलो, पंचनामा चालू होता. वाडीचं नाव लिहीत नाही, त्यांना आधीच पुष्कळ लोक त्रास देऊन झालेत. कुडाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. एक म्हातारी सुपात रेशनकार्ड वाळत घालून बसली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, ती काडीने एकेक सोडवत होती. घर क्रमांक? नाही. घरपट्टीची पावती? नाही. सातबारा? जागाच वनखात्याची. पंचनामा करणारा माणूस वाईट नव्हता, पाणीबिणी देऊन विचारपूस करत होता. पण त्याच्या कागदात ते घर बसत नव्हतं. घर पुरात बुडालं होतं आणि सरकारदरबारी ते मुळात उभंच नव्हतं.

मदतीचे ट्रक मुंबई-पुण्याहून आले, देव त्यांचं भलं करो. बरेचसे हायवेलाच रिकामे झाले. एकेका घरात चादरींचे ढीग आणि आतल्या वाडीवर काडेपेटी नाही.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही ठराव घेतला, की वाडीतल्या सगळ्या घरांना नंबर द्यावेत आणि नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत, नोंद करावी. एकमताने मंजूर. तिथून खरी कटकट सुरू झाली. ग्रामसेवक बदलले. सरपंचपदी नवीन माणूस आला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. एका कार्यालयात फाइल सापडेना. आमच्याकडे पोच होती, आवक क्रमांक होता, म्हणून "अर्ज आलाच नाही" म्हणायची सोय कोणाला राहिली नाही. शेवटी नंबर पडले. दारावर पत्र्याची चकती ठोकली त्या दिवशी कोणी फोटोसुद्धा काढला नाही.

त्याच सुमारास माझे जुने मित्र मोठ्या मोर्चाला गेले, मी गेलो नाही. अजून ऐकवतात. "अर्जवाले काका" हे नाव तिथून पडलं, तुझ्याही कानावर असेल. म्हणोत. मोर्चाने किती घरांना नंबर पडले, विचार त्यांना. आता हे जरा जास्त बोललो, कळतंय मला. मोर्चाशिवाय साहेब लोक खुर्चीतून मान वर करत नाहीत, हे मी नाकारत नाही. पण मोर्चाहून परतल्यावर निवेदनाची प्रत कोणाच्या खिशात असते, हे मी तेव्हाही बघायचो, आजही बघतो. सल आहे ती वेगळी. ज्याच्याबरोबर तिशीत रात्र रात्र वाद घातले, तो आता रस्त्यात दिसला तर नुसती मान हलवतो. कामं झाली, माणसं गेली. त्यावर काही उपाय मला सापडलेला नाही, तेव्हा तुला काय सांगू?

तुझ्या पर्यावरणवाल्यांना इर्शाळवाडीबद्दल विचार. १९ जुलै २०२३, आपलाच रायगड जिल्हा, खालापूर तालुका, ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. यादीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हा हवामानाचा प्रश्न झाला की जातीजमातीचा? आणि त्या दुसऱ्या गटाला विचार, पूररेषेच्या आत पहिलं पाणी कोणाच्या घरात शिरतं. झाडंबिडं म्हणे!

शांततेचंही तेच. सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा, बिस्किटं, "आपल्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात", सामुदायिक फोटो. मी तिथे बसतो आणि नेमका नको तो प्रश्न विचारतो. मागच्या बैठकीत ठरलं होतं, की आवई उठली तर प्रत्येक मोहल्ल्यातली आणि आळीतली दोन माणसं एकमेकांना फोन करतील. ती यादी कुठे आहे? नंबर चालू आहेत का? गेल्या वेळी यादीतले दोघे दुबईत होते आणि एक वारलेले होते. लोक हसले. मी हसलो नाही. रात्री अकरा वाजता फॉरवर्ड येतो तेव्हा गुण्यागोविंदाला फोन लावता येत नाही.

म्हणून विषय निवडायच्या भानगडीत पडू नकोस. गाव निवड. तेही तुझं तुला मिळालेलंच आहे. ग्रामपंचायतीत जा आणि मागच्या पाच वर्षांतल्या ग्रामसभांच्या ठरावांच्या नकला माग. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाक. वाच. तुला तिथे सगळं सापडेल. स्मशानशेड, वाडीचा रस्ता, नळाची जोडणी, वणव्याला बंदी, पर्यावरणाच्या 'माझी वसुंधरा' मोहिमेची शपथ, पूर आला तर शाळा उघडायची किल्ली कोणाकडे. गावाने सगळं कधीचंच मान्य करून ठेवलंय. त्यातला एक ठराव उचल आणि तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नकोस. कोणता? वाडीवरच्या बायकांना विचार, मला विचारू नकोस. आणि विचारायला जाशील तेव्हा माईक, बॅनर आणि तो तुझा मोबाइलवाला मित्र यांना घरी ठेव.

थकायला होतं, असं लिहिलंयस. होणारच. त्यावर माझ्याकडे गोड शब्द नाहीत. जेवून झोप, आणि सोमवारी कार्यालय उघडतं.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली. नोटीस लागली की तिचा फोटो काढून ठेव. त्यात वाडीचा विषय नसेल तर तो घ्या म्हणून आधीच लेखी दे. मुंबईची नोकरी धरलीस तरी ग्रामसभेला ये. सुट्टीच असते त्या दिवशी, सबब चालणार नाही. अर्ज दोन प्रतींत कर आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नकोस. शिक्का पुसट उठला तर तिथल्या तिथे दुसरा मारून घे.