फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बसवताय? आधी गेज लावा, मग बोलू

या वेळी सगळे प्रश्न फ्युएल प्रेशरचेच घेतोय, कारण तेच जास्त साठलेत आणि बहुतेक जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांचे आहेत, सिटी, बलेनो, लान्सर, झेन वगैरे. प्रश्न थोडे छाटलेत, भाषा तुमचीच ठेवलीये.

प्रश्न (चिंचवड): दादा, माझी २००१ ची होंडा सिटी व्हीटेक आहे, इंजिन पूर्ण स्टॉक. मित्र म्हणतो अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर टाक, प्रेशर वाढव, पिकअपमधला फरक लगेच कळेल. ऑनलाइन गेजसकट दोन हजारात मिळतोय. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. आत्ता तरी नकोच.

रेग्युलेटर करतो काय, तर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) पेट्रोलचं प्रेशर आणि इनटेक मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणारा भाग) प्रेशर यांच्यातला फरक कायम ठेवतो, या पिढीच्या गाड्यांत साधारण ३ बारच्या आसपास, म्हणजे ४३-४४ पीएसआय, गॅरेजच्या भाषेत तीन किलो. (तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.) ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ते प्रेशर मोजत नाही, तो ते गृहीत धरतो आणि त्या हिशोबाने इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. तुम्ही स्क्रू फिरवून प्रेशर वाढवलं की तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल जातं, पण हवा कुठे वाढलीये? ती होती तेवढीच. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की मिक्श्चर रिच झालं (पेट्रोल जास्त, हवा कमी), ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करतो, आणि गाडी होती तिथेच परत येते. फुल थ्रॉटलला मात्र ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही, तिथे जादा पेट्रोल खरंच आत जातं, पण कंपनीने तिथलं मिक्श्चर आधीच रिच ठेवलेलं असतं, त्यात अजून ओतलं तर काळा धूर, काळे पडलेले प्लग, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट.

आणि वाढ तरी किती होते ते बघा. पेट्रोलचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ बार केले, म्हणजे प्रेशर ३३ टक्के वाढवलं, तर पेट्रोल वाढतं जेमतेम १५ टक्के, आणि त्यासाठी पंपाला मात्र सतत जास्त राबावं लागतं.

मग ज्यांना फरक जाणवला ते थापा मारतात का? नाही. बऱ्याचदा त्यांच्या जुन्या रेग्युलेटरची स्प्रिंग वीस वर्षांत बसलेली असते, प्रेशर अडीचवर आलेलं असतं, नवीन टाकल्यावर ते परत तीनवर येतं आणि गाडी ‘उडायला’ लागते. तोच फरक कंपनीचा साधा रेग्युलेटर टाकूनही पडला असता. मोठे इंजेक्टर, टर्बो, कॅम, वेगळा ईसीयू, असं काही केलं असेल आणि गाडी ट्यून करणारा माणूस सोबत असेल तर अ‍ॅडजस्टेबलला अर्थ आहे. रोज चिंचवड-हिंजवडी करायला नाही.

दोन हजारवाल्या किटबद्दल एवढंच की जपानी, अमेरिकन नावांच्या नकला भरपूर फिरतायत, आतला डायफ्राम (रबरी पडदा) कुठल्या रबराचा आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यापेक्षा नाना पेठेत जाऊन एक बरं टेस्ट गेज घ्या, मेकॅनिककडून आधी प्रेशर मोजून घ्या. ते बरोबर निघालं तर विषय संपला.

प्रश्न (कोल्हापूर): बलेनोला कॅम आणि वेगळा ईसीयू केलाय, त्यामुळे रेग्युलेटर गरजेचाच होता. उद्यमनगरातून लेथवर अ‍ॅडाप्टर करून घेतला. सगळं बसलं, पण गेजच्या आट्यातून पेट्रोल पाझरतंय. टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे दिले तरी थांबेना.

उत्तर: आटे जुळत नाहीयेत, पैज लावतो. बाहेरून आलेल्या रेग्युलेटरवर गेजचं भोक बहुतेक वेळा एक अष्टमांश एनपीटी असतं, अमेरिकन टेपर (निमुळतं), इंचाला २७ आटे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बीएसपी (ब्रिटिश माप), इंचाला २८ आटे, आणि आट्याचा कोनही वेगळा, तिकडे ६० अंश, इकडे ५५. एका आट्याचाच फरक असल्यामुळे लोच्या असा होतो की हाताने दोन-अडीच वेढे मस्त फिरतं, मग पान्याने आवळताना छान घट्ट लागतं, वाटतं बसलं. बसलेलं नसतं, आटे एकमेकांवर चढलेले असतात, आणि तीन किलो प्रेशर आलं की तिथून घाम फुटतो. अजून आवळलंत तर अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चिरेल. थ्रेड गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) घेऊन प्रेशर गेजचे आणि बॉडीचे आटे मोजा, बॉडीचे आटे शाबूत असतील तर एनपीटीचं गेज आणा नाहीतर लेथवाल्याकडून नीट अ‍ॅडाप्टर करून घ्या, आणि बॉडीचेच खराब झाले असतील तर बॉडी बदला, तिथे एम-सील लावून भागवू नका.

टेफ्लॉन टेपही जपून. तिचे सुटलेले धागे सरळ इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात, त्यामुळे पेट्रोलला टिकणारं लिक्विड सीलंट बरं, तेही टेपर आट्यालाच आणि पहिला आटा मोकळा सोडून. एएन फिटिंगला (तिरक्या तोंडाची होजची जोडणी) यातलं काहीच लावायचं नाही, तिथे सील तिरक्या तोंडावर होतं, आट्यावर नाही.

अ‍ॅडाप्टर घरगुती आहे म्हणताय म्हणून बाकीचंही तपासून घ्या. पेट्रोल आधी रेलमधून जायला हवं, मग रेग्युलेटर, मग रिटर्नने (उरलेलं पेट्रोल परत नेणारा पाइप) टाकीत. रेलच्या आधी लावलेले रेग्युलेटर मी बघितलेत. रेलवरचा जुना रेग्युलेटर काढलाय ना? तो तसाच ठेवून पुढे नवीन जोडला तर जुन्याच्या सेटिंगखाली तुम्ही कधी येऊच शकणार नाही आणि स्क्रू फिरवत बसाल. व्हॅक्यूमची नळी थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, मॅनिफोल्डवरून घ्या. बॅन्जो बोल्टचे (आतून पोकळ बोल्ट) वॉशर नवीन. पाइप इंजेक्शनचाच हवा, त्यावर एसएई जे३० आर९ छापलेलं असतं. आर७ लिहिलेला कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचा, तो इथे नको, मग दुकानदार ‘सेम आहे’ म्हणो नाहीतर काहीही म्हणो. आणि रेग्युलेटर गाडीच्या पत्र्याला ब्रॅकेटने धरा, एक्झॉस्टपासून लांब.

खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, परत एक-दोनदा स्टार्टर मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि फडकं धरून हळू सैल करा. हे काम खड्ड्यावर गाडी घेऊन करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खड्ड्यात साचते आणि तिथे कुणीतरी हँडलॅम्प लावतोच.

प्रश्न (नाशिक): माझ्या गेजवर आयडलला २.३ च दाखवतं. मेकॅनिक म्हणतो रेग्युलेटर गेला. शिवाय इंजिन तापलं की आकडा अजून खाली येतो.

उत्तर: मेकॅनिकला म्हणावं थांब जरा. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ०.६ ते ०.७ बारचं व्हॅक्यूम असतं, रेग्युलेटर तेवढं प्रेशर कमी करतो, म्हणून ३ ची गाडी आयडलला २.३ दाखवणारच. रेग्युलेटरवरची व्हॅक्यूमची नळी काढा, बोटाने बंद धरा, काटा ३ च्या जवळ उडी मारतो का बघा. मारला तर रेग्युलेटर शाबूत. अ‍ॅडजस्टेबलवाल्यांनी सेटिंगही असंच, नळी काढून करायचं आणि मग लॉकनट आवळायचा, नाहीतर आयडललाच ३ लावून बसाल आणि गाडी पेट्रोल पीत सुटेल. काढलेल्या त्या नळीचा वासही घ्या. आत ओलं पेट्रोल असेल तर डायफ्राम फाटलाय, मग मात्र मेकॅनिक बरोबर.

तापल्यावर काटा खाली येणं हा गेजचाच दोष असू शकतो. तुमचं गेज ग्लिसरीन भरलेलं असेल. बॉनेटखाली ते तापलं की बंद डबीत आतलं प्रेशर वाढतं आणि काटा खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. गेजच्या डोक्यावर रबरी बूच असतं, ते क्षणभर उचलून हवा सोडा आणि परत आकडा बघा. हे न करता पंप बदललेली माणसं आहेत.

प्रश्न (सातारा): नवीन स्विफ्टला रिटर्न लाइन सापडत नाहीये. रेग्युलेटर कुठे जोडायचा?

उत्तर: सापडणार नाही कारण ती नाहीच. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या रिटर्नलेस आहेत, रेग्युलेटर टाकीतच पंपाच्या मॉड्यूलमध्ये असतो आणि पुढे एकच पाइप येतो. बाहेर रेग्युलेटर लावायचा म्हणजे टाकीपर्यंत नवीन रिटर्न ओढायची, मॉड्यूल उघडायचं, एवढा खटाटोप स्टॉक स्विफ्टसाठी कशाला? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आहे, विमावालाही उद्या बोट दाखवेल. गाडी वॉरंटीत असेल तर हातच लावू नका.

प्रश्न (ठाणे): सर, माझ्या भावाने गाडीत डॅशबोर्डवर फ्युएल प्रेशर गेज लावलंय, इंजिनमधून बारीक पाइप थेट आत आणलाय. मला गाडीत बसलं की पेट्रोलचा वास येतो, तो म्हणतो भास आहे.

उत्तर: ताई, भास नाही. आजच काढायला सांगा, आणि काढेपर्यंत त्या गाडीत बसू नका. त्या नळीत तीन किलोने दाबलेलं पेट्रोल आहे, ती निसटली तर ते तुमच्या पायावर आणि वायरिंगवर पडणार. आतून आकडा बघायचाच असेल तर बॉनेटखाली इलेक्ट्रिक सेंडर (प्रेशरचा सेन्सर) लावायचा आणि आत फक्त वायर आणायची. पेट्रोल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पलीकडेच राहायला हवं, यावर भावाशी वाद घालू नका, हे त्याला वाचायला द्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): झेन एमपीएफआय आहे. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते म्हणे. प्रेशर थोडं वाढवून भरपाई करता येईल का?

उत्तर: कागदावर येते. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साडेतेरा. म्हणजे ई१० वरून ई२० वर आलात तर चार-साडेचार टक्के जास्त इंधन लागतं, आणि वर्गमुळाचा हिशोब धरला तर प्रेशर आठ-नऊ टक्के वाढवून ते मिळेल. पण चालू ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीयू एवढी दुरुस्ती स्वतःच करतो, तुम्ही वाढवलंत तर तो तेवढंच कमी करेल. अ‍ॅव्हरेज जे पडलंय ते इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असल्यामुळे, ते स्क्रू फिरवून परत येणार नाही.

झेनमध्ये मला काळजी रबराची आहे. जुने पाइप, ओ-रिंग, रेग्युलेटरचा डायफ्राम हे सगळं इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, चिरतं. पैसे तिथे घाला: सगळे फ्युएल होज नवीन, इंजेक्टरच्या ओ-रिंग व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर), फिल्टर नवीन. टाकीत साचलेला गंज इथेनॉलने सुटून फिल्टरला येतो, म्हणून फिल्टर दोन-तीन हजार किलोमीटरने परत एकदा बदला.

प्रश्न (म्हापसा, गोवा): लान्सर सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण बाजारात अर्धा तास थांबवली की परत सुरू करायला खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो. रेग्युलेटर बदलू का?

उत्तर: बदलायच्या आधी गेज लावा, गेजचा खरा उपयोग इथेच आहे. लक्षणावरून वाटतंय की गाडी बंद केल्यावर रेलमधलं प्रेशर टिकत नाहीये, गरम इंजिनवर रेलमध्ये वाफ होते आणि ती जाईपर्यंत इंजिन पकडत नाही. इंजिन गरम करा, बंद करा, लगेच रिटर्नचा रबरी पाइप क्लॅम्पने दाबा आणि काटा बघा. टिकला तर रेग्युलेटर गळतोय. नाही टिकला तर परत सुरू करून बंद करा आणि या वेळी टाकीकडून येणारा रबरी पाइप दाबा, आता टिकला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) गेलाय. दोन्ही दाबूनही काटा उतरला तर इंजेक्टर टपकतोय, तो काढून बेंचवर तपासावा लागेल. फक्त रबरी भागच दाबायचा, प्लास्टिकची लाइन दाबलीत तर ती तिथेच तडकेल, आणि दाबायला दात नसलेला क्लॅम्प वापरा.

तोपर्यंत चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, पंपाचा आवाज बंद झाला की ऑफ, परत ऑन, मग स्टार्टर. आणि कुणी आधीच आफ्टरमार्केट रेग्युलेटर लावून दिला असेल तर तेही सांगा, कारण त्यातले बरेच बंद केल्यावर प्रेशर धरून ठेवत नाहीत, तो बिघाड नसतो.

प्रश्न (लातूर): स्कॉर्पिओ सीआरडीईच्या (कॉमन रेल डिझेल) रेलवर असंच गेज लावता येईल का?

उत्तर: अजिबात नाही. तिथे तीन बार नाही, हजार-दीड हजार बारची भाषा आहे. सुईएवढ्या भोकातून निघालेलं डिझेल कातडी फोडून बोटात शिरतं, वर दिसतो फक्त एक ठिपका, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येऊ शकते. तसं कधी झालंच तर दुखो न दुखो, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना ‘हाय प्रेशर डिझेल’ असं स्पष्ट सांगा. कॉमन रेलचं प्रेशर स्कॅनरवर दिसतं, रेलला आधीच सेन्सर आहे, तोच आकडा वाचा.