शेअर घेण्याआधी उलट बाजू तपासा
शेअर आधी पसंत करायचा आणि मग त्याच्याबद्दल वाचायला बसायचं, घोळ तिथेच होतो: आपल्या पसंतीला दुजोरा देणारंच दिसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने १९६० मध्ये लोकांना २-४-६ देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला. बहुतेकांनी ८-१०-१२ अशी आपल्याच अंदाजात (दोन-दोनने वाढणारे आकडे) बसणारी उदाहरणं विचारली आणि 'बरोबर' ऐकून निर्धास्त झाले. नियम होता फक्त चढत्या आकड्यांचा! १-२-७ विचारलं असतं तर त्यालाही 'बरोबर' मिळून अंदाज तिथेच कोसळला असता.

म्हणून खरेदीआधीच लिहून ठेवा: काय दिसलं तर हा शेअर घ्यायचा नाही. उदा. नफा वाढतोय, पण कामकाजातून येणारी रोकड सलग दोन वर्षं घटतेय. किंवा प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकमंडळींचे, कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर वाढताहेत. वार्षिक अहवालात आधी लेखापरीक्षकाचा (हिशेब तपासणाऱ्याचा) अभिप्राय आणि रोकड प्रवाहाचं पत्रक उघडा. अध्यक्षांचं गोडगोड मनोगत शेवटी. भाव पडल्यावर लिहिलेल्या अटी सैल करायच्या नाहीत; बहुतेक जण तिथेच घसरतात.