लेन्सवर फिल्टर जाम होऊन बसला आहे, कसा काढावा?

प्रश्न असा आहे: कॅननच्या १८-५५ मिमी लेन्सवर आधी यूव्ही (पुढच्या काचेच्या संरक्षणासाठी लावतात तो) आणि त्यावर सीपीएल (चमक कमी करणारा, फिरवता येणारा) असे दोन फिल्टर लावून तारकर्लीला गेलो होतो. परत आल्यापासून दोन्ही हलत नाहीत. एक मित्र म्हणतो फ्रीजमध्ये ठेव, दुसरा म्हणतो तेल सोड. काय करू?

आधी एक कळकळीची विनंती. तेल सोडू नका आणि पक्कड हातात घेऊ नका. गंजावर मारायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे असो की शिवणयंत्राचं तेल, ते आट्यांपुरतं थांबत नाही. हळूहळू आत झिरपतं, आणि एकदा का अ‍ॅपर्चरच्या (उजेड कमी-जास्त आत सोडणाऱ्या) पात्यांवर पोचलं की पाती चिकटायला लागतात. शंभर-दोनशे रुपयांच्या फिल्टरपायी अख्खी लेन्स उघडायची वेळ येते. पकडीच्या दातांनी फिल्टरची रिंग चेपते, आणि चेपलेली रिंग निघणं दसपट कठीण.

आता मूळ गोष्ट. तुमची ताकद कमी पडत नाहीये, जोर चुकीच्या जागी लागतोय. आपण सगळेच फिल्टर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो. रिंग असते पातळ अ‍ॅल्युमिनियमची. दोन बाजूंनी दाबली की डोळ्यांना दिसणार नाही इतकी लंबगोल होते, आणि जिथे दाबलेलं नाही तिथे बाहेर फुगून लेन्सच्या आट्यांत रुतते. न निघाल्यावर आपण आणखी दाबतो, मग ती आणखी रुतते. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण आठवा. दोन बोटांनी आवळून ओढलं तर हटून बसतं, पण पाची बोटं कडेनं पसरून हलक्या हातानं फिरवलं की सुटतं. फिल्टरचंही तेच आहे. पूर्ण घेराला सारखी पकड हवी, आणि दाब जितका कमी ठेवता येईल तितका चांगला.

मला हे ताम्हिणीच्या पावसात कळलं. धबधब्यासाठी ७७ मिमीचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावला होता, तो घरी आल्यावर निघेना. दोन दिवस रोज चिमटीत धरून पिळत होतो, बोटांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, त्याची लांब पट्टी कापली आणि रिंगभोवती तीन वेढे ताणून घेतले. वरून तळहात नुसता ठेवून फिरवला. अगदी बारीक ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे फिल्टर एका बोटानं फिरत गेला. दोन दिवसांत लावला त्याच्या निम्मा जोरही लागला नसेल.

तुमच्या बाबतीत मात्र एक गुंता आहे. सीपीएलची पुढची रिंग मुळातच मोकळी फिरणारी असते, त्यामुळे ती धरून कितीही फिरवलं तरी नुसती फिरत राहील. म्हणून सीपीएलच्या नादी आत्ता लागूच नका. सर्वांत आतला, लेन्सला लागून असलेला यूव्ही फिल्टर धरा आणि दोन्ही फिल्टर जोडीनंच बाहेर काढा. लेन्स एकदा मोकळी झाली की निम्मी काळजी मिटली, उरलेल्या जोडीशी निवांत झटापट करता येते.

पट्टी कापताना रुंदीकडे लक्ष द्या. यूव्हीची रिंग बाहेरून जेमतेम चार-पाच मिलिमीटर दिसते. पट्टी त्याहून रुंद झाली तर मागे लेन्सला किंवा पुढे सीपीएललाही धरेल, मग सगळं एकत्रच फिरेल आणि सुटणार काहीच नाही. ट्यूब नसेल तर भाजीच्या जुडीला असतो तसला जाड रबरबँड दोन-तीन वेढे देऊन चालतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड आणखी चांगली बसते. आणि फिल्टर काढायचे प्लॅस्टिकचे पाने मिळतात, बहुतेक जोडीनं. लेन्सवर Ø५८ (म्हणजे फिल्टरचा व्यास ५८ मिमी) असं लिहिलेलं असेल, त्या मापाला बसणारे घ्या. वारंवार फिल्टर लावत असाल तर ते बॅगेत असावेतच असं मला ठाम वाटतं.

दुसऱ्या हातानं लेन्स कुठे धरता हे तितकंच महत्त्वाचं. झूमची रिंग धरून जोर लावू नका, तो सगळा पीळ आतल्या नाजूक भागांवर जातो. ज्या तुकड्यात आटे आहेत तोच तुकडा धरायचा, म्हणजे लेन्सचं अगदी पुढचं टोक. तुमची १८-५५ जुनी, आयएस टू प्रकारची असेल (प्रकार लेन्सवर IS II किंवा STM असा लिहिलेला असतो) तर फोकस करताना तिचं हे टोकच फिरतं. तेव्हा आधी लेन्सवरचं बटण एमएफवर (हातानं फोकस करायच्या खुणेवर) टाका, नाहीतर फोकसच्या मोटारीच्या दात्यांवर ताण येतो. एसटीएम प्रकारात टोक फिरत नाही, तरी धरायचं तिथेच.

फिरवायची दिशा: समोरून बघताना घड्याळाच्या उलट. घाईत पुष्कळ जण उलटंच आवळत बसतात.

फक्त एकच फिल्टर अडकला असता तर याहून सोपा उपाय होता. रबरी स्लिपर धुऊन, सुकवून टेबलावर ठेवायची, लेन्स तोंड खाली करून फिल्टरची कड तिच्यावर सपाट टेकवायची, हलका दाब देऊन लेन्सच, वरून बघताना, घड्याळाच्या उलट फिरवायची. कड सगळीकडून सारखी धरली जाते. पण सीपीएल पुढे असताना हा उपाय लागू पडत नाही, कारण तीच मोकळी रिंग.

फ्रीजबद्दल. घरात पेल्यात पेला अडकला की आतल्यात गार पाणी घालून बाहेरचा कोमट पाण्यात धरतात, त्यावरून हा सल्ला आला असावा. पण तिथे एक गार आणि एक गरम असतं. फ्रीजमध्ये लेन्स आणि फिल्टर दोन्ही गार होतात. त्यात तुमच्या लेन्सचं टोक प्लॅस्टिकचं आहे, आणि प्लॅस्टिक गारव्यानं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. म्हणजे बाहेरचं टोक आतल्या रिंगला उलट आवळून धरेल. शिवाय बाहेर काढल्यावर काचांवर दव धरतं आणि पुढे बुरशीला आमंत्रण. त्यापेक्षा एसीच्या खोलीतून साध्या उबदार खोलीत तासभर ठेवून मग प्रयत्न करा. हेअर ड्रायर नको.

समुद्रावरून आला आहात म्हणून पहिला संशय मीठ आणि वाळूवर. या आकाराच्या फिल्टरच्या आट्यांमधलं अंतर अवघं ०.७५ मिमी असतं, त्यात वाळूचा एक कणही पुरतो. जोर लावण्याआधी लेन्स तोंड खाली धरून सांध्यावरून मऊ कोरडा टूथब्रश फिरवा. मग कापूस लावलेली कानकाडी पाण्यात बुडवून चांगली पिळून सांध्यावरून फिरवा, साचलेलं मीठ विरघळतं. पाणी ओघळता कामा नये. फिरवताना करकर आवाज आला तर थांबा, थोडं मागे घ्या, परत ब्रश फिरवा. करकर ऐकूनही रेटलं तर आटे सोलले जातात.

जोडी बाहेर आली की यूव्हीला एक पाना, सीपीएलच्या मागच्या अरुंद, न फिरणाऱ्या रिंगला दुसरा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला फिरवा. तिथे कधी कधी फिल्टर वाया जातो, जाऊ द्या.

लेन्स आपटून रिंगच वाकली असेल तर मात्र यातलं काही करू नका. काच फुटली असेल तर कपचे पुढच्या काचेवर घासतात. लेन्स तोंड खालीच ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो रिंगेला खाच पाडून ती आतल्या बाजूला वाकवून काढतो, लेन्सच्या आट्यांना धक्का न लावता.

फिल्टर निघाल्यावर आटे ब्रशनं साफ करा आणि फिल्टरच्या आट्यांवरून मऊ शिसपेन्सिल, २बी किंवा ४बी, एकदा गोल फिरवा. शिशाची पूड फुंकून टाका. पुढच्या वेळी लावताना आधी उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचं बोटाला जाणवलं की मगच सुलटं, आणि टेकला की थांबा. यूव्हीवर सीपीएल चढवू नका. यूव्ही काढून सीपीएल लावा.