जलरंगात झाड रंगवताना

ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावू नका. झाड प्लास्टिकचं दिसतं. अल्ट्रामरीन निळ्यात पिवळा मिसळा, वर कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) घाला, म्हणजे भडकपणा उतरतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. रंगवण्याआधी डोळे किलकिले करून उजेड, मधली छटा, सावली एवढंच पाहा. पानं मोजत बसाल तर झाड हातचं जाईल. सावल्या तासाभरात सरकतात, त्यामुळे त्या सुरुवातीलाच पेन्सिलीने आखून ठेवा. अर्धवट ओल्या थरावर पाणीदार ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडांचे डाग उठतात, म्हणून पहिला थर पूर्ण वाळू द्या. (घाई इथेच नडते.) पांढरा रंग? तो पेटीतच राहू द्या, उजेडासाठी कागद कोरा सोडा.